आधी छप्पर, मग रंग

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या सभागृहात झालेल्या व्याख्यानमालेतील एका भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात झालेली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.)

बटाटेवड्याच्या वासाने का होईना पण वेळेवर खाली आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

कमिटीने मला विषय विचारला तेव्हा मी ‘जुने रेल्वेचे डबे’ असं सांगितलं. सेक्रेटरीसाहेब क्षणभर गप्पच झाले. बँकेतला माणूस आहे, तेव्हा मुदत ठेवी, फॉर्म पंधरा-एच, नॉमिनेशन यावर बोलेल अशी त्यांची अपेक्षा असणार. त्या विषयावर माझ्याशी लिफ्टपाशी कधीही बोला, मी तयारच असतो. आज मात्र डब्यांबद्दल बोलू द्या. शेवटी मी आपल्या सोसायटीवरच येणार आहे, आणि त्यात मला एक कबुलीही द्यायची आहे. म्हणून जरा धीर धरा.

तुमच्यापैकी काहींना माहीत आहे की माझे वडील माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये सुतार होते. माटुंग्याचं हे वर्कशॉप १९१५ सालचं, डब्यांच्या दुरुस्तीसाठी उभारलेलं. वडील लागले तेव्हा पेरांबूरच्या कारखान्याचे पोलादी डबे यायला अजून अवकाश होता. तो कारखाना १९५५ साली सुरू झाला. त्यामुळे जुन्या डब्यांचा खालचा सांगाडा पोलादाचा आणि वरचं अंग सागवानाचं. वडील घरी आले की त्यांच्या सदऱ्याला सागवानाच्या भुशाचा वास यायचा. आम्ही भावंडं डब्याला ‘बोगी’ म्हणालो की ते चिडायचे. “बोगी म्हणजे डबा नव्हे रे! खाली चाकांचा जो गाडा असतो, ती बोगी.” आज सत्तरी ओलांडल्यावरसुद्धा कुणी ‘आमची बोगी एस-फाइव्ह’ म्हटलं की मला वडिलांचा आवाज ऐकू येतो.

दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं उन्हाळ्यात लेकीकडे शिकागोला गेलो होतो. तिथे गेलेल्या आई-वडिलांचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. पहिले पंधरा दिवस कौतुकाचे. नंतर जावई ऑफिसला, लेक ऑफिसला, नातू उन्हाळी शिबिराला, आणि आपण खिडकीतून रिकामा रस्ता बघत बसायचं. एका रविवारी नातू म्हणाला, “आबा, आज तुम्हाला ट्रेनचं म्युझियम दाखवतो.” मला वाटलं, चार इंजिनं रंगवून बागेत उभी केलेली असतील. फोटो काढू, आइस्क्रीम खाऊ आणि परत येऊ.

शिकागोच्या वायव्येला साधारण नव्वद किलोमीटरवर युनियन नावाचं छोटं गाव आहे. म्हणजे व्हीटीहून नेरळ जेवढं, तेवढंच. चहूकडे मक्याची शेतं, आणि मध्येच रूळ, विजेच्या तारा, सिग्नल, १८५१ साली बांधलेलं आणि दुसऱ्या गावाहून आणून बसवलेलं एक लाकडी स्टेशन, आणि मागे लांबच लांब शेडच्या रांगा. हे इलिनॉय रेल्वे म्युझियम. इंजिनं, डबे, ट्राम, मालगाडीची वाघिणं मिळून साडेचारशेहून जास्त वाहनं तिथे आहेत, आणि त्यांचे स्वतःचे पाच मैलांचे रूळ आहेत. आम्ही आत शिरलो तेव्हा समोरून विजेची ट्राम घंटा वाजवत आली. आमच्या सौ. पटकन म्हणाल्या, “अहो, ही तर दादरची!”

दादरची कशी असणार? पण त्यांचं म्हणणं मला कळलं. मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ला सुरू झाली, विजेची ७ मे १९०७ला, आणि शेवटची ट्राम धावली ३१ मार्च १९६४च्या रात्री, बोरीबंदरहून दादरला. वडील मला ती बघायला घेऊन गेले होते. ही गर्दी! लोक टपावर चढलेले, कुणी हार घातलेले, कुणी नुसते लटकलेले. त्या ट्रामचं पुढे काय झालं? बहुतेक भंगारात गेल्या. आज मुंबईत ट्राम दाखवायची म्हटलं तर एक-दोन नमुन्यांवर भागवावं लागतं. इथे मात्र साठ-सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी बंद पडलेल्या कंपन्यांचे डबे नुसते उभे नव्हते, तर वीज घेऊन चालत होते.

मी बँकवाला. पहिला प्रश्न मनात आला तो हाच, की याला पैसा कुणी दिला? सरकारने? एखाद्या धनाढ्य माणसाने?

तर गोष्ट अशी आहे. साल १९५३. अमेरिकेत तेव्हा घरोघर मोटारी आल्या होत्या आणि गावोगावच्या विजेच्या गाड्या एकामागून एक बंद पडत होत्या. इंडियाना राज्यातल्या एका कंपनीचा ६५ नंबरचा डबा होता, १९३१ साली बांधलेला, हलका आणि वेगवान. ती कंपनी मोडकळीस आल्यावर तो डबा आयोवा राज्यातल्या दुसऱ्या कंपनीने घेतला. १९५३मध्ये तिनेही प्रवासी वाहतूक बंद केली. आता डब्याला एकच वाट उरली होती, भंगारवाल्याची. तेव्हा दहा जणांनी प्रत्येकी शंभर डॉलर काढले आणि तो डबा विकत घेतला. दहा माणसं, शंभर-शंभर डॉलर. आपल्या सोसायटीच्या नोंदणीच्या वेळी आपण पहिला शेअर घेतला आणि प्रवेश फी भरली होती, तसंच हे.

आता बघा, डबा घेतला, पण ठेवायचा कुठे? रेल्वेचा डबा म्हणजे काही स्कूटर नव्हे की जिन्याखाली लावली. शिकागोच्या उत्तरेला एका ओतकाम कारखान्याने आपल्या आवारात जागा दिली. तिथे एकाचे दोन झाले, दोनाचे दहा झाले. कंपन्या बंद पडतच होत्या, आणि प्रत्येक वेळी ‘आत्ता घेतला नाही तर उद्या कापला जाईल’ अशी घाई असायची. शेवटी ती जागा सोडावी लागली आणि १९६४ साली सगळेच्या सगळे डबे युनियनला हलवले. एका जुन्या, उखडून टाकलेल्या रेल्वेमार्गाची ती पट्टी होती. म्हणजे जागा होती, रूळ स्वतः टाकायचे होते. आणि डोक्यावर काय होतं? आकाश. पहिली शेड उभी राहिली १९७२ साली. म्हणजे पहिला डबा घेतल्यापासून एकोणीस वर्षं छप्पर नव्हतं.

हा एकोणीसचा आकडा लक्षात ठेवा. माझं आजचं सगळं भाषण त्या आकड्यावर उभं आहे.

तिकडचा हिवाळा म्हणजे शून्याखाली वीस अंश, गुडघाभर बर्फ. उन्हाळा आपल्यासारखा घामट. लाकडाच्या फटीत शिरलेलं पाणी रात्री गोठतं, गोठलं की फुगतं, फट रुंद होते. दुपारी वितळून आणखी आत जातं. असं वर्षानुवर्षं. वडिलांचं एक वाक्य होतं, “पाणी वरून येतं, पण लाकूड खालून कुजतं.” लहानपणी मला ते कोड्यासारखं वाटायचं. त्या शेडमध्ये उभा राहिलो आणि पंचावन्न-साठ वर्षांनी ते कोडं सुटलं.

तिथे एक लाकडी डबा दुरुस्तीला उघडला होता. म्हणजे बाहेरच्या फळ्या काढून आतली हाडं दिसत होती. त्याच्याशेजारी एक गृहस्थ स्टुलावर बसून खिडकीची चौकट घासत होते. वय माझ्याएवढंच, अंगात डाग पडलेला डांगरी पोशाख. मी जरा रेंगाळलो, तसे ते स्वतःच बोलायला लागले. निवृत्त शाळामास्तर होते. आठवड्यातून दोन दिवस इथे येतात, पगार नाही, उलट दरवर्षी सभासद वर्गणी भरतात. माझे वडील डबे दुरुस्त करायचे म्हणून सांगितल्यावर त्यांनी हातातला पॉलिश पेपर खाली ठेवला आणि मला डब्याभोवती फिरवून आणलं. नातू भाषांतराला होता, पण फारशी गरज पडली नाही.

त्यांनी दाखवलं ते तुम्हाला माझ्या शब्दांत सांगतो. या लाकडी डब्यांचं छप्पर म्हणजे अरुंद फळ्या एकमेकींत बसवलेल्या, त्यावर ताणून बसवलेलं जाड कॅनव्हास आणि त्यावर रंगाचे थरावर थर. रंग आहे तोवर कॅनव्हास पाणी धरत नाही. रंगाला तडा गेला की कॅनव्हास ओला, मग फळी ओली. पाणी तिथून खिडक्यांच्या मधल्या उभ्या खांबांतून खाली उतरतं. खिडकीची तावदानं खाली सरकून ज्या कप्प्यात बसतात, त्या कप्प्यात साचतं. आणि शेवटी सर्वांत खाली जी लांब तुळई असते, जिच्यावर अख्ख्या डब्याचं अंग उभं असतं, तिथे जाऊन मुरतं. बाहेरून बघाल तर रंग ठीक, नंबर ठीक. आत तुळईत बोट घाला, चहात बुडवलेल्या खारीसारखा भुगा. छपराच्या एका चिरेपायी तळाची तुळई जाते. वडील म्हणायचे ते हेच.

बरं, पोलादी डबा असेल तर सुटला का? नाही. दोन पत्रे एकावर एक ठेवून रिबिटांनी जोडलेले असतात. मध्ये ओल शिरली की गंज चढतो, आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. तो आतून पत्रे फुगवतो, रिबिटी ताणतो, कधी तोडून टाकतो. नातवाला ते पटेना. “आबा, गंज म्हणजे लोखंड कमी होणं ना? मग फुगेल कसं?” मी त्याला म्हटलं, डोंबिवलीला आलास की आपल्या सातव्या मजल्यावर नेतो. तिथल्या स्लॅबचा गिलावा का पडला ते दाखवतो. सळई आतून फुगते आणि काँक्रीटचा पापुद्रा बाहेर ढकलते. एकच रोग आहे, डबा असो की इमारत.

आता दुरुस्ती कशी करतात ते सांगतो, कारण मला तिथलं कामकाज एखाद्या चांगल्या शाखेसारखं वाटलं. आधी फोटो काढायचे. मग एकेक वस्तू काढायची, तिला चिठ्ठी लावायची. स्क्रूसुद्धा डब्यांत घालून डब्यावर लिहायचं, डाव्या बाजूची तिसरी खिडकी, वरची बिजागरी. व्हाउचरशिवाय एक पैसा हलत नाही, तसं. कुजलेलं लाकूड सगळं फेकायचं नाही. जेवढं धड आहे ते ठेवायचं आणि कुजका भाग कापून तिथे नवा तुकडा सांधायचा. जुना तुकडा नमुना म्हणून जपायचा. रंगाचं तर मला फारच नवल वाटलं. मूळ रंग कोणता ते कळायला एका जागी गोल घासत जातात. मग झाडाच्या खोडात वलयं असतात तशी रंगांची वलयं दिसायला लागतात, हिरवा, त्याखाली तांबडा, त्याखाली पिवळट. प्रत्येक वलय म्हणजे त्या कंपनीचा एक काळ. या घासण्यात धोकाही असतो, कारण जुन्या रंगात शिसं असायचं, आणि जुन्या डब्यांत काही ठिकाणी अॅस्बेस्टॉसही असतं. म्हणून तोंडाला मास्क आणि खालची धूळ गोळा करून वेगळी ठेवायची. बिचारे वडील! त्यांच्या काळी नाकाला फार तर रुमाल.

विजेच्या मोटारी उघडून त्यांची तांब्याची गुंडाळणी तपासायची, धुऱ्यांच्या बेअरिंगमध्ये पांढरा धातू नव्याने ओतायचा, ब्रेकची हवा धरते का बघायचं, वेताच्या बैठका विणून घ्यायच्या. आपल्याकडेही वेताच्या बैठका होत्या, आठवतात ना? जे भाग बाजारात मिळत नाहीत, आणि शंभर वर्षांपूर्वीचे कुठे मिळणार, ते स्वतः घडवायचे, नाहीतर इतका मोडलेला दुसरा डबा असेल की तो वाचणारच नाही, त्याच्यातून घ्यायचे. एखाद्या डब्याला दहा वर्षं लागतात, एखाद्याला वीस. सुरुवात करणारा शेवट बघेलच असं नाही.

मी मास्तरांना विचारलं, “एवढं काम करताय, तर रंग कधी देणार? लोकांना रंगवलेला डबा बघायला आवडेल.” ते हसले आणि वर बोट दाखवून म्हणाले, “रंग शेवटी. सगळ्यांत महत्त्वाची दुरुस्ती ती आहे.” मी वर बघितलं. वर शेडचं पत्र्याचं छप्पर होतं, दुसरं काही नव्हतं.

मग त्यांनी मला हिशेब समजावला. समजा, वर्षाला तुम्ही दोन डबे चांगले करू शकता आणि उघड्यावर शंभर डबे उभे आहेत. दोन सुधारतात तेवढ्या वेळात अठ्ठ्याण्णव बिघडतात. शिवाय जे दोन सुधारले ते परत उघड्यावर ठेवले, तर दहा वर्षांनी तेही पुन्हा दुरुस्तीला. म्हणजे तुम्ही आयुष्यभर राबलात तरी शिल्लक वजाच. उलट शेड बांधली आणि शंभरही डबे नुसते आत लोटून दारं लावली, एकालाही हात लावला नाही, तरी त्यांचं कुजणं जवळजवळ थांबतं. मग आज नाही जमलं तर नातू करील. मित्रांनो, ३६ वर्षं बँकेत व्याजाची आकडेमोड केली, पण घसाऱ्यावर इतकं साधं व्याख्यान मी ऐकलं नव्हतं.

“पण,” ते म्हणाले, “छपराला देणगी मागणं फार कठीण.” डब्याला देणगी मिळते. माझे आजोबा या डब्यातून कामाला जायचे, म्हणून माणूस चेक फाडतो, आणि तो पैसा त्याच डब्याच्या खात्यात ठेवावा लागतो. रंगवलेल्या डब्यापाशी फोटो निघतो. पत्र्याच्या शेडपाशी कोण फोटो काढणार? तरीही १९७२नंतर त्या लोकांनी एकामागून एक शेड बांधल्या. डबा आणणारे आणि छप्पर बांधणारे यांच्यात कमिटीत भांडणं झाली नसतील असं मला वाटत नाही. भांडणाशिवाय कमिटी असते का? (इथे आपल्या सेक्रेटरीसाहेबांनी मान हलवली, ती सर्वांनी पाहिली.)

तिथे बघितलेल्या दोन-तीन गोष्टी मुलांसाठी सांगतो. तिथे एक वाफेचं इंजिन आहे, नंबर १६३०. ते १९१८ साली अमेरिकेत रशियासाठी बांधलं. पण रशियात क्रांती झाली होती आणि इंजिन अमेरिकेतच राहिलं. रशियाचे रूळ रुंद, अमेरिकेचे त्याहून अरुंद. मग ते अरुंद रुळांवर चालेल असं करून तिथल्याच रेल्वेला विकलं. दुसरी आहे १९३६ सालची नेब्रास्का झेफर, बिनगंजाच्या पोलादाची लखलखीत गाडी. आणि तिसरी म्हणजे शिकागो ते मिलवॉकी धावणारी इलेक्ट्रोलाइनर, १९४१ सालची. त्यात खानपानाची सोय होती आणि बर्गरला नाव होतं ‘इलेक्ट्रोबर्गर’. मला लगेच आपली डेक्कन क्वीन आठवली. १ जून १९३० पासून धावते आहे, आणि तिच्या डायनिंग कारमधलं आम्लेट-टोस्ट खाल्लेला माणूस गाडीचा विषय निघाला की आधी आम्लेटवर बोलतो.

आता एक करुण गोष्ट, आणि ती आपल्यासारख्या लोकल प्रवाशांना लगेच समजेल. शिकागोच्या पश्चिमेला अरोरा आणि एल्जिन या गावांना जाणारी विजेची रेल्वे होती. कंपनी तोट्यात होती, बंद करायची परवानगी मागत होती, कोर्टकचेऱ्या चालू होत्या. ३ जुलै १९५७ला दुपारी बाराच्या सुमारास परवानगी मिळाली आणि कंपनीने त्याच क्षणी प्रवासी गाड्या थांबवल्या. सकाळी त्याच गाडीने ऑफिसला गेलेले हजारो लोक संध्याकाळी स्टेशनवर आले तर गाडीच नाही! कल्पना करा, आपली सकाळची डोंबिवली फास्ट पकडून गेलो आणि संध्याकाळी व्हीटीला बोर्डच कोरा.

त्या कंपनीचे डबे तसेच यार्डात उभे राहिले. त्यातले काही ओहायो राज्यातल्या एका गृहस्थाने घेतले. त्यांचं नाव जेराल्ड ब्रुकिन्स. त्यांची घरांची एक वसाहत होती. चाकांवरची, हलवता येणारी घरं असतात ना, तशी. त्यांनी वसाहतीतच रूळ टाकले आणि आपल्या रहिवाशांना दुकानापर्यंत न्यायला ट्राम चालवली! सभासदांना घरच्या ट्रामने वाण्याकडे नेणारी सोसायटी. आपल्याकडे एवढी मागणी वार्षिक सभेत अजून तरी आलेली नाही. लोक त्या जागेला ट्रॉलीव्हिल म्हणायचे. पण ते सगळं एका माणसाच्या हौसेवर उभं होतं. त्यांच्या पश्चात काही वर्षं चाललं, मग थांबलं. डबे क्लीव्हलँड शहरात नेऊन नवी सुरुवात करायचा प्रयत्न झाला, तोही पैशाअभावी बुडाला. शेवटी २०१०च्या सुमारास निरनिराळ्या संग्रहालयांनी ते डबे वाटून घेतले. १९०२ साली बांधलेला एक लाकडी डबा असा फिरत फिरत युनियनच्या शेडमध्ये येऊन पोचला. शिकागोजवळ धावला, ओहायोला राहिला आणि म्हातारपणी माहेरी आला.

मला यात एक गोष्ट दिसली. त्या दहा जणांकडे ब्रुकिन्सांइतका पैसा नव्हता. पण त्यांनी संस्था केली, नियम केले, नवे सभासद घेतले. माणसं गेली, संस्था राहिली. वेल्समध्ये तालिथ्लिन नावाची छोटी रेल्वे आहे. तिथेही तेच झालं. १९५०च्या ऑक्टोबरमध्ये बर्मिंगहॅमला एक सभा भरली आणि १९५१च्या मे महिन्यापासून ती रेल्वे स्वयंसेवक चालवतात. जगात अशी ती पहिलीच. आज सत्तर वर्षं होऊन गेली. सुरुवात करणारे कधीच गेले, गाडी चालू आहे.

आपल्याकडे काहीच नाही असं नाही. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात उत्तम वस्तू आहेत. १८५५ सालचं फेअरी क्वीन इंजिन १९९७ साली पुन्हा प्रवाशांना घेऊन धावलं. पुण्यात कोथरूडला जोशांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, मुलांना जरूर दाखवा. पण एक बघा. आपल्या स्टेशनांबाहेर, कार्यालयांबाहेर जुनी इंजिनं उभी असतात. दर दोन वर्षांनी त्यांना झकास काळा-लाल रंग लागतो. डोक्यावर छप्पर मात्र क्वचितच असतं. रंग दिसतो, ओल दिसत नाही. आता असं एखादं इंजिन दिसलं की मी खाली वाकून तळ बघतो. सौ. म्हणतात, “लोक बघतायत, उठा.”

जाताना मास्तरांनी मला पॉलिश पेपरचा एक तुकडा दिला आणि म्हणाले, “तासभर वेळ आहे का?” मी चौकटीची एक बाजू घासली. उभ्या धारेने घासायचं, आडवं नाही, हे हातांना आपोआप आठवलं. लहानपणी सुट्टीत वडील घरचा पाट घासायला द्यायचे तेव्हा शिकवलेलं. लाकूड मोकळं झालं तसा वास आला. सागवान नव्हतं ते, दुसरंच कुठलं तरी लाकूड, पण मी जरा वेळ चष्मा पुसत बसलो. वडिलांनी ३४ वर्षं डबे दुरुस्त केले. त्यांचा हात लागलेला एकही डबा आज कुठे उभा असेल असं मला वाटत नाही. त्याची खंत मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटली. आणि कुणाच्या तरी बापाने बांधलेला डबा कुणीतरी मास्तर निवृत्तीनंतर घासत बसला आहे, याचं बरंही वाटलं.

आता कबुली.

तुम्हाला आठवत असेल, बारा वर्षांपूर्वी मी खजिनदार होतो. त्या वर्षी शिल्लक बऱ्यापैकी होती. वार्षिक सभेत दोन विषय होते, गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि प्रवेशद्वाराला ग्रॅनाइट, नवा नामफलक, दिवे. पैसे एकालाच पुरणार होते. सातव्या मजल्यावरच्या काकांनी उठून सांगितलं, पावसात छताला ओल येते, बादली ठेवावी लागते. मीच त्यांना म्हणालो, “काका, यंदा ग्रॅनाइट करून घेऊ. पाहुण्यांना आधी दार दिसतं. गच्चीचं पुढच्या वर्षी बघू.” सभेत हशा झाला, ठराव मंजूर झाला. त्यावर सूचक म्हणून माझी सही आहे. पुढच्या वर्षी लिफ्ट निघाली, त्याच्या पुढच्या वर्षी पाण्याची टाकी, मग करोना. गच्चीचं काम झालं ते नुसतं डांबराचे पट्टे मारून. आज सातव्या मजल्यावर सळया उघड्या पडल्या आहेत आणि काका ते बघायला राहिले नाहीत. काकू इथे बसल्या आहेत. काकू, तेव्हा तुमच्या घरातली बादली आम्हाला दिसली नाही, ही माझी चूक. सर्वांसमोर मान्य करतो.

आता रौप्यमहोत्सवानिमित्त पुन्हा तसाच प्रश्न आला आहे. बाहेरून रंग, रोषणाई आणि कमान की आधी गच्ची? मी कमिटीत नाही, मला मताचा अधिकार एका सभासदाएवढाच. पण माझं मत सांगतो. आधी गच्ची. पूर्ण, उतारासकट, गॅरंटी घेऊन. मग उघड्या सळयांची दुरुस्ती. मग पैसे उरले तर रंग, नाही उरले तर पुढच्या वर्षी रंग. पंचविसाव्या वर्षी जुना रंग असलेली इमारत दिसली म्हणून कुणी आपल्याला नावं ठेवणार नाही.

नियमांत सोय आहे. आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड किमान पाव टक्का, दरवर्षी जमवायचा असतो. इमारत १५ ते ३० वर्षांची असली तर दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, तीसच्या पुढे दर तीन वर्षांनी. आपण पाव टक्क्यावर कुरकुर करतो आणि दर पावसाळ्यात त्याच्या कितीतरी पट गिलाव्यात घालतो. सिंकिंग फंड म्हणजे त्या पत्र्याच्या शेडसारखा आहे. त्याच्याजवळ उभं राहून कुणी फोटो काढत नाही.

आणि शेवटची गोष्ट तरुण मंडळींना. आज कमिटीत सर्वांत लहान सभासद ५८ वर्षांचे आहेत. त्या मास्तरांच्या शेजारच्या डब्यावर एक विशीतली मुलगी काम करत होती, बिजागऱ्यांना चिठ्ठ्या लावत होती. मास्तर म्हणाले, “डब्याचं काम ही माझ्यानंतर पूर्ण करील. म्हणून मी तिला आत्ताच सगळं दाखवतो.” आपल्याकडे पाण्याचे व्हॉल्व्ह कुठे आहेत, मूळ नकाशे कुठल्या कपाटात आहेत, कन्व्हेयन्सची फाइल कुणाकडे आहे, हे तीन-चार म्हाताऱ्यांना माहीत आहे. आम्ही आहोत तोवर येऊन विचारा. महिन्यातला एक रविवार द्या. मी दर रविवारी सकाळी दहाला गच्चीवर असतो. तुमच्यापैकी दोघे जरी आले, तरी पहिल्या दिवशी तुम्हाला मी एवढंच दाखवीन की पाणी कुठून शिरतं.

वडे गार होतायत.